एक्केचाळिसावी गाडी

गोंडपिपरीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत कय्यूम शेख यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातले जळालेले पंप, मिक्सर, स्टार्टर, पिठाच्या गिरणीची मोटार असं सगळं तिथे येतं. त्यांची मुलगी निशात ब्रह्मपुरीला होस्टेलवर राहून कॉम्प्युटर शिकली, दोन वर्षं नागपुरात नोकरी केली आणि आई आजारी पडली तेव्हा परत आली. आई बरी झाली, पण निशात परत गेली नाही. दुकानात खिडकीजवळ तिनं एक टेबल टाकलं आणि कॅमेरे बसवणं, पंप मोबाइलवरून चालू-बंद होईल असं करणं, अशी कामं घ्यायला लागली. बाप तारा जोडायचा, मुलगी प्रोग्रॅम लिहायची. लोकांनाही ते सोयीचं वाटलं.

चेक-बोरीच्या शाळेचं काम त्यांच्याकडे असंच आलं. चेक-बोरी गोंडपिपरीपासून अकरा किलोमीटरवर. शाळा रस्त्याच्या एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला. रस्त्यावरून कोळशाचे, बांबूचे, खनिजाचे, धानाचे असे सगळ्या प्रकारचे ट्रक जातात. चंद्रपूरकडचा रस्ता सरळ आहे, तिकडून येणारी गाडी लांबून दिसते. आष्टीकडच्या बाजूला मात्र शाळेपासून सव्वाशे मीटरवर वळण आहे आणि वळणाला लागून सागाचं रान. तिकडची गाडी एकदम समोर येते.

तिथे लटारू नावाचे एक गृहस्थ शाळा भरताना आणि सुटताना लाल फडकं घेऊन उभे राहायचे. साठी ओलांडलेली, दोन एकर धान. त्यांना कोणी नेमलेलं नव्हतं. त्यांची बायको रंभाबाई शाळेत पोषण आहार शिजवायची. तिला सोडायला आले की ते तिथेच थांबायचे, आणि हळूहळू ते त्यांचं कामच झालं. हेडमास्तर प्रफुल सरांना वाटलं की एक म्हातारा माणूस रोज रस्त्यावर उभा राहतो हे काही बरोबर नाही. त्यांनी ग्रामपंचायतीत विषय काढला, आणि पंचायतीनं शाळेच्या फाटकावर दिवा लावायचं ठरवलं. वळणावर गाडी आली की फाटकावर लाल दिवा लागला पाहिजे, एवढंच काम.

निशातनं वळणावरच्या खांबावर एक छोटं रडार बसवलं. तिथून केबल ओढून शाळेच्या ऑफिसात आणली. ऑफिसात एका डब्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवला आणि त्याला कय्यूमभाईंनी रिले जोडला. रिले म्हणजे कॉम्प्युटरच्या बारक्याशा इशाऱ्यावर मोठा दिवा चालू-बंद करणारं बटण. लागताना टक् असा आवाज होतो. रडारच्या कंपनीनं एक तयार प्रोग्रॅम दिला होता. तो चालू केला की वळणावरून शाळेकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे एक ओळ छापायचा: तारीख, वेळ, वेग, लांबी आणि आणखी दहाबारा आकडे. मोटारसायकली सोडून द्यायचं सेटिंग त्यात होतं. निशातनं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, त्या ओळी वाचायची, आणि ओळ आली की वीस सेकंद दिवा लावायची. आलेली प्रत्येक ओळ ती लॉगमध्ये, म्हणजे नोंदीच्या फाइलमध्ये, उतरवूनही ठेवायची. स्क्रिप्ट जेमतेम तीस ओळींची होती. निशातनं यापेक्षा कितीतरी अवघड कामं केली होती.

दुकानात तिनं ती तपासली होती. रडारच्या जुन्या नोंदींची एक फाइल स्क्रिप्टला दिली, टेबलावरचा बल्ब लागला, विझला. शाळेत बसवताना तिनं कंपनीचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवून पाहिला; वळणावर ट्रक आला की पडद्यावर त्याच क्षणी ओळ उमटायची. दिवाही हातानं लावून पाहिला. मग दोन्ही एकमेकांना जोडले आणि डब्याचं झाकण लावलं. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात सरपंच आले, नारळ फुटला. तो बाजाराचा दिवस होता, गाड्यांची रांग लागली होती आणि दिवा लागलेला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रफुल सरांनी लटारूंना सांगितलं की भाऊ, आता तुम्ही आराम करा. लटारूंनी फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि धान कापणीला गेले.

नवव्या दिवशी रंभाबाई पडली.

सकाळचे पावणेअकरा व्हायचे होते. हँडपंप रस्त्यापलीकडे आहे. रंभाबाई गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन निघाली, फाटकावर दिव्याकडे पाहिलं, दिवा विझलेला होता, आणि ती रस्त्यावर उतरली. अर्ध्यावर गेली असेल तेव्हा वळणावरून ट्रक आला. ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला, ट्रक तिच्यापासून दोन हातांवर थांबला. ट्रक तिला लागला नाही. ती मागे सरकताना तोल जाऊन रस्त्याकडेच्या नालीत पडली आणि उजवं मनगट मोडलं. ड्रायव्हरनंच तिला बाहेर काढलं. प्रफुल सरांनी जीप थांबवून तिला गोंडपिपरीच्या दवाखान्यात नेलं. प्लास्टर झालं, सहा आठवडे.

निशातला दुपारी फोन आला. ती आणि कय्यूमभाई लगेच निघाले. तिनं डबा उघडून लॉग पाहिला. त्यात ओळ होती: दहा वाजून बेचाळीस मिनिटं सतरा सेकंद, मोठी गाडी, वेग त्रेचाळीस. म्हणजे रडारला ट्रक दिसला होता, आणि तिच्या स्क्रिप्टलाही तो बरोबर वेळेला कळला होता. तरी दिवा लागला नाही. मग मधे उरतो तो रिले, आणि रिलेपासून दिव्यापर्यंतची तार.

तिनं वडिलांना तसं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण प्रफुल सरांसमोर सांगितलं. रिले चिकटला असेल किंवा जोड सैल असेल, असं ती म्हणाली. कय्यूमभाईंनी लॉगकडे पाहिलं, त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं. त्यांनी पिशवीतून नवा रिले काढला आणि बदलला. शिडी लावून दिव्याचे जोडही नव्यानं केले.

दोन दिवसांनी प्रफुल सरांचा परत फोन आला. दिवा कधी गाडी नसताना जळत राहतो, कधी गाडी असून लागत नाही, असं पोरं सांगतात. निशातनं पुन्हा लॉग पाहिला, पुन्हा सगळ्या गाड्या आपापल्या वेळेला नोंदवलेल्या होत्या. कय्यूमभाईंनी दुसऱ्या कंपनीचा रिले लावला. त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरा, आणि फाटकापर्यंतची सगळी तार नवी ओढली. त्या दिवशी शिडीवरून उतरताना ते एका पायरीवर बराच वेळ थांबले. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता. निशातनं ते पाहिलं आणि ती लॅपटॉप बंद करायला आत गेली.

परत जाताना फाटकाशी लटारू बसलेले दिसले. रंभाबाई पडल्यापासून ते पुन्हा फडकं घेऊन यायला लागले होते, आणि आता दिवसभर थांबायचे. निशात त्यांच्यासमोरून इतके दिवस मान खाली घालून जात होती. त्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"बाई, थांबा जरासं. मी मोजून राह्यलो."

काय मोजता, असं तिनं विचारलं. लटारूंनी शर्टाच्या खिशातून मूठभर चिंचोके काढून दाखवले. आष्टीकडून गाडी आली की ते उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचे. दिवा लागला की डावा खिसा मोजायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस त्यांनी हेच केलं होतं, बसल्या बसल्या दुसरं काही करायला नव्हतं म्हणून.

"एक्केचाळीस गाड्या गेल्या का लागते," ते म्हणाले. "मंग तेरा-चवदा मिनिटं जळतच राह्यते, रस्त्यावर काई नसलं तरी. मंग इझते. पुन्ना एक्केचाळीस. कधी मधी चाळीस होते, पण बेचाळीस नाई होत."

निशातनं विचारलं की किती वेळानं होतं असं.

"टाइमाचं नाई ते. बजाराच्या दिवशी लवकर होते, ऐतवारी दोन दोन घंटे लागत नाई. गाडीवर हाये ते. दिवा खोटा नाई बाई, गाड्या सांगते तो. पण जमा करून सांगते."

कय्यूमभाई मोटारसायकल चालू करून उभे होते. निशातनं त्यांना थांबायला सांगितलं. एक्केचाळीसला वीस सेकंदांनी गुणलं की आठशे वीस सेकंद, म्हणजे तेरा मिनिटं चाळीस सेकंद. लटारूंच्या हाताला घड्याळ नव्हतं, त्यांनी अंदाजानं सांगितलं होतं.

ती परत ऑफिसात गेली. तिनं कंपनीचा प्रोग्रॅम नुसताच चालवला. बाहेर ट्रक गेला, पडद्यावर ओळ आली. दुसरा गेला, दुसरी ओळ. हे तिनं आधीही पाहिलं होतं आणि दर वेळी यावरच तिचं समाधान झालं होतं. आता तिनं तोच प्रोग्रॅम वेगळ्या रीतीनं चालवला. त्याचं छापलेलं थेट पडद्यावर न जाता आधी दुसऱ्या एका साध्या प्रोग्रॅमकडे जाईल आणि मग पडद्यावर येईल, असं केलं. तिची स्क्रिप्टही त्या ओळी अशाच वाचत होती. बाहेर ट्रक गेला. पडदा रिकामा. आणखी दोन गेले, त्यांच्या हादऱ्यानं ऑफिसच्या खिडकीची काच वाजली. पडदा रिकामाच. प्रफुल सर पाचवीचा तास घेऊन आले, हजेरीचं रजिस्टर भरून परत गेले. पस्तीस मिनिटं काहीच आलं नाही. मग एकदम सगळ्या ओळी आल्या, पडदा भरून गेला. तिनं मोजल्या. चाळीस ओळी पूर्ण होत्या. एक्केचाळिसावी मधेच तुटली होती. शेवटच्या रकान्यात चार हा आकडा आणि पुढे काही नाही.

त्या अर्ध्या ओळीवरून तिला सगळं कळलं. गाड्या सांगणारा प्रोग्रॅम अर्ध्या आकड्यावर थांबत नाही, पण ओळी भांड्यात साठत असतील तर भांडं कुठेही, अर्ध्या आकड्यावरही, भरतं. समोर पडदा असेल तर तो प्रोग्रॅम प्रत्येक ओळ लगेच छापत होता. समोर दुसरा प्रोग्रॅम असेल तर ओळी आपल्याजवळ साठवत होता, आणि चार हजार शहाण्णव अक्षरं भरली की सगळी एकदम पुढे ढकलत होता. तो बिघाडही नव्हता. बहुतेक प्रोग्रॅम असंच वागतात, कारण एकेक ओळ पोचवण्यापेक्षा गठ्ठा पोचवणं त्यांना सोपं जातं. ब्रह्मपुरीला दुसऱ्या वर्षात हे तिला शिकवलं होतं आणि तिनं परीक्षेत लिहिलंही होतं.

लॉगनं तिला फसवलं ते असं: ओळीत जी वेळ होती ती रडारनं गाडी पाहिल्याची. स्क्रिप्टच्या हातात ती ओळ कधी पडली, ही वेळ तिनं कुठे लिहूनच घेतली नव्हती. दहा बेचाळीसचा ट्रक स्क्रिप्टला कळला तेव्हा रंभाबाई जीपमध्ये बसून दवाखान्याच्या वाटेवर असावी.

ती बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली की रिले चांगला होता. पहिलाच चांगला होता. चूक तिची आहे.

कय्यूमभाईंनी मान हलवली.  दुकानात आल्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला. काढलेले रिले त्यात ठेवलेले होते. ज्या दिवशी काढले त्याच संध्याकाळी त्यांनी एकेकाला बॅटरी लावून पाहिलं होतं आणि सगळे टक् टक् वाजले होते. मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं निशातनं विचारलं. तुझ्याजवळ लिहिलेली वेळ होती, माझ्याजवळ नुसता आवाज होता, असं ते म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले. निशातनं खण लावून घेतला. तिला रडू आलं नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही. सईदाबींनी, म्हणजे तिच्या आईनं, दोनदा ताट वाढून परत झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच बसनं चेक-बोरीला गेली. आधी तिनं लॉगमध्ये दुसरी वेळ जोडली: ओळ हातात पडल्याची. मग असल्या अडचणीवरचा नेहमीचा उपाय केला. एक तयार कमांड असते, ती कुठल्याही प्रोग्रॅमच्या आधी लावली की तो साठवणं सोडून ओळीमागे ओळ सोडतो. तिनं ती लावली, स्क्रिप्ट चालू केली आणि फाटकावर लटारूंच्या शेजारी जाऊन बसली. पहिला ट्रक गेला, दिवा लागला नाही. दुसरा गेला. लटारू चिंचोके टाकत होते. अकराव्या गाडीनंतर निशात म्हणाली की नाही झालं. लटारू म्हणाले, पूर्ण मोजू. त्यांनी पूर्ण मोजले. एक्केचाळीस झाले आणि दिवा लागला.

कंपनीचा प्रोग्रॅम अशा तऱ्हेनं बांधलेला होता की बाहेरून दिलेली ती सूचना त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती, आणि तो उघडून दुरुस्त करायची सोय नव्हती. प्रोग्रॅम बदलता येत नाही, सूचना ऐकत नाही. मग त्याला काय दिसतं, तेवढंच बदलता येईल. त्याच्यासमोर पडदा आहे असं त्याला वाटायला हवं. असा खोटा पडदा उभा करता येतो हे तिनं वाचलं होतं, कधी केलं नव्हतं. दुपारची सुट्टी होऊन पोरं जेवायला बसली तेव्हा ती ऑफिसात त्या कामाला लागली. रंभाबाईच्या जागी आलेल्या प्रियानं तिला खिचडीची वाटी आणून दिली. शाळा सुटायच्या आत तिनं स्क्रिप्टच्या सहा ओळी बदलल्या होत्या. आता कंपनीचा प्रोग्रॅम एका पडद्यावर छापत होता. तो पडदा कोणालाही दिसत नव्हता, आणि त्यावर जे उमटेल ते स्क्रिप्ट मागून वाचत होती.

तपासायला तिनं वडिलांना बोलावलं. कय्यूमभाई मोटारसायकलवर आले आणि वळणापाशी थांबले. निशात डब्याजवळ, लटारू फाटकावर. फोन चालू ठेवला होता.

"पिकअप आली," कय्यूमभाई म्हणाले.

डब्यात टक् झालं. बाहेरून लटारूंचा आवाज आला, "लागला."

लॉगमध्ये दोन्ही वेळा सारख्या होत्या. लटारूंनी मात्र पहिल्या गाडीवर काही ठरवायला नकार दिला. निशातलाही ते पटलं. मग एक बस आली, दोन ट्रक, धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर. दर वेळी दिवा आधी लागला आणि गाडी नंतर आली. अकराबारा गाड्यांनंतर आणखी एक गोष्ट लक्षात आली. चार गाड्या पाठोपाठ आल्या तर दिवा वीस-वीस सेकंदांच्या चार पाळ्या करायचा आणि गाड्या निघून गेल्यावरही मिनिटभर जळत राहायचा. तो दोष मात्र निव्वळ तिच्या स्क्रिप्टचा होता, पहिल्या दिवसापासूनचा. तिनं तो तिथेच काढला. नवी गाडी आली की वीस सेकंद नव्यानं मोजायचे, आधीच्यांत भर घालायची नाही.

त्यानंतर सलग पाच दिवस ती रोज चेक-बोरीला गेली. लटारूंनी चिंचोके सोडले नव्हते, पण आता एक गाडी आणि एक दिवा एवढंच मोजायचं होतं. शेवटच्या दोन दिवसांत तिनं फाटकावर एक हिरवा दिवाही बसवला. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये एक सेटिंग होतं, त्यानं दर दहा सेकंदांनी रडार चालू असल्याची ओळ यायची. ती ओळ येत राहील तोवरच हिरवा दिवा जळेल. केबल तुटली, वीज गेली किंवा प्रोग्रॅम पुन्हा ओळी साठवायला लागला, तर हिरवा विझेल आणि दिवा बिघडला हे लोकांना कळेल. आधी विझलेल्या दिव्याचे दोन अर्थ निघत होते, आणि त्यांतला एकच गावाला सांगितला होता. प्रफुल सरांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: हिरवा दिवा नसेल तर लाल दिव्यावर विसंबू नका, दिवा काहीही सांगो, दोन्हीकडे पाहूनच रस्ता ओलांडा.

हे सगळं झाल्यावर निशात लटारूंच्या घरी गेली. आधी जायला हवं होतं हे तिला माहीत होतं, पण दिवा दुरुस्त झाल्याशिवाय काय तोंडानं जायचं, असं तिला वाटत होतं. रंभाबाई अंगणात बाजेवर बसून डाव्या हातानं लाखोरीची डाळ पाखडायचा प्रयत्न करत होती. निशातनं उभ्यानंच सांगितलं. रिले चांगला होता, तार चांगली होती, ट्रकवाल्याची चूक नव्हती. मी लिहिलेल्या स्क्रिप्टला गाड्या उशिरा कळत होत्या आणि मी ते तपासलं नव्हतं. तुमचा हात माझ्यामुळे मोडला.

रंभाबाईनं सूप खाली ठेवलं.

"बस आधी," ती म्हणाली.

निशात बाजेच्या कडेवर बसली.

"मले बी सांगायचं हाये. पंधरा वर्सं मी त्या पंपावर जाऊन राह्यली. दरखेपेस मान वळवून पाहत होती. दिवा लागला त्या दिवसापासून नाई पाह्यलं. दिवाच पाह्यला. आता तुयं किती अन् मायं किती, मले नाई माईत."

निशात म्हणाली की तुमचं काहीच नाही, दिवा त्यासाठीच लावला होता.

"हो, त्याच्यासाठीच लावला," रंभाबाई म्हणाली. "म्हून मले राग आला होता. तुयाच आला होता, खोटं काऊन बोलू. आमच्या बुढ्यानं रोज येऊन सांगतलं का पोरगी फाटकावर बसून गाड्या मोजून राह्यली, तवा जरासा कमी झाला."

  रंभाबाईनं सूप निशातकडे सरकवलं, आणि निशातनं डाळ पाखडून दिली. तिला ती नीट पाखडता येत नव्हती. निम्मी अंगणात सांडली, तेव्हा रंभाबाई हसली.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट पूर्ण वळत नव्हतं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तो तिनं केलाही, पण खिचडीचं मोठं भगुनं उचलताना प्रियाची मदत घ्यावी लागते ती अजूनही. दिवा तेव्हापासून बरोबर चालतो आहे. एकदा उंदरानं केबल कुरतडली. हिरवा विझला आणि तासाभरात फोन आला.

निशातनं रडारच्या कंपनीला सविस्तर मेल लिहिला होता: कसं घडलं, किती ओळींनंतर घडतं, कसं टाळता येईल. त्यात लटारूंचं नाव तिनं घातलं होतं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. प्रोग्रॅम त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ठरवल्यासारखाच वागत होता, तरी पुढच्या आवृत्तीत लगेच छापण्याचं सेटिंग देऊ, असं त्यात होतं. कोणाला लागलं का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. निशातनं ते उत्तर मराठीत करून लटारूंना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की बरं झालं, लिहिलं ते.

त्या दिवशी दुकानात दोन पंप जळून आले होते. उन्हाळी धानाची रोवणी तोंडावर आली होती आणि दोन्ही शेतकऱ्यांना मोटारी संध्याकाळपर्यंत हव्या होत्या. कय्यूमभाईंनी एक उघडली, निशातनं दुसरी.